ते नैराश्य, ती चिंता, तो ताण

"मॅडम, मुलं ११४ आहेत, मग कंसात ११८ कसे?"

एम.ए. मानसशास्त्राच्या वर्गात एका विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या हातात माझाच छापून आलेला शोधनिबंध होता. निष्कर्ष कसे मांडावेत याचा नमुना म्हणून मीच त्याच्या झेरॉक्स प्रती वाटल्या होत्या. दोन स्वतंत्र गटांच्या मध्यमानांची, म्हणजे सरासरींची, तुलना करणाऱ्या टी-चाचणीत एकूण संख्येतून २ वजा केले की स्वाधीनता मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) मिळते आणि ती निकालात कंसात लिहितात, हे आदल्याच तासाला फळ्यावर लिहून दिले होते. ११४ मधून २ गेले की ११२ उरतात. ११८ यायला मुले १२० हवीत. मुलीने कोणतेही सॉफ्टवेअर वापरले नव्हते, तिने फक्त वजाबाकी केली होती. मी घरी जाऊन बघते एवढेच म्हणाले आणि तास दहा मिनिटे आधी संपवला.

घरी बघितल्यावर उलगडा झाला, आणि तो उलगडा चुकीपेक्षाही ओशाळवाणा होता. यवतमाळ जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यातील पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींकडून मी १२० प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. ज्यांच्या घरी ओलिताची शेती आहे आणि ज्यांची संपूर्ण कोरडवाहू आहे, अशा दोन गटांत मानसिक ताण किती वेगळा असतो, असा साधा प्रश्न होता. पहिल्या हिशेबात ताणासाठी टी-मूल्य २.१० आणि पी-मूल्य (मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०३८ आले होते. नंतर लक्षात आले की सहा प्रश्नावल्यांचे मागचे पान कोरेच आहे. त्या सहा वगळून पुन्हा हिशेब केला तेव्हा टी १.९२ आणि पी ०.०५७ आले. लेखात मी विद्यार्थ्यांची संख्या बदलली, तक्ता बदलला, वाक्यातले टी-मूल्यही बदलले. कंसातली स्वाधीनता मात्रा आणि शेवटचे पी-मूल्य मात्र जुनेच राहिले. छापून आले ते असे: टी (११८) = १.९२, पी = ०.०३८. आणि त्यापुढे, अगदी ठामपणे, "दोन गटांत सार्थ फरक आढळला."

म्हणजे एका ओळीत दोन वेगवेगळ्या दिवसांचे आकडे नांदत होते, आणि त्यांतल्या जुन्या आकड्याने निष्कर्षच उलटा केला होता. पी ०.०५ च्या खाली असेल तरच फरक सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगावर न ढकलता येणारा, ही रूढ रेघ मानायची तर तो सार्थ नव्हता. मी त्या नियतकालिकाला दुरुस्तीचे पत्र पाठवले, महिनाभराने पुन्हा पाठवले. उत्तर आले नाही, आणि तो निबंध अजून तसाच वाचला जातो. त्याबद्दलची चीड वेगळी, पण मूळ दोष माझ्या हाताचा होता. दिवसभर भारनियमन होते, वीज आली ती रात्री, आणि मी संगणकाच्या एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत आकडे उतरवत बसले होते. लबाडी नव्हती. पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने लबाडी आणि झोप यांत काही फरक उरत नाही.

पुढे शोध घेतला तेव्हा कळले की ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. नेदरलँड्समधील मिशेल न्यूइतेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्टॅटचेक' नावाचा एक प्रोग्रॅम वापरून मानसशास्त्राच्या आठ प्रमुख नियतकालिकांतले १९८५ ते २०१३ या काळातले लेख तपासले. अडीच लाखांहून अधिक पी-मूल्ये त्यांनी पुन्हा मोजली. निम्म्या लेखांत किमान एक पी-मूल्य त्याच्याच शेजारच्या आकड्यांशी जुळत नव्हते, आणि दर आठांपैकी एका लेखात ते इतके चुकलेले होते की सार्थ काय आणि असार्थ काय हा निर्णयच बदलण्याची शक्यता होती. मला जास्त अस्वस्थ करणारी बाब पुढची होती: अशा मोठ्या विसंगती "सार्थ" म्हणून सांगितलेल्या निकालांत जास्त सापडल्या. हात चुकतो तेव्हा तो आपल्या मनाजोग्या बाजूला जास्त चुकतो, किंवा मनाविरुद्धची चूक आपण पुन्हा तपासतो आणि मनाजोगती तशीच राहू देतो. माझ्या बाबतीत दुसरे घडले असावे. ०.०३८ हा आकडा मला खटकला नाही, कारण तो मला हवाच होता.

स्टॅटचेकची युक्ती सोपी आहे. टी-मूल्य, स्वाधीनता मात्रा आणि पी-मूल्य हे तिघे एकमेकांना बांधलेले असतात. पहिले दोन माहीत असले की तिसरे मोजून काढता येते. प्रोग्रॅम लेखातून अशा ओळी वेचतो, पी पुन्हा मोजतो आणि लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघतो. माझी ओळ त्याला दिली असती तर पी ०.०५७ च्या आसपास यायला हवे होते, असे त्याने क्षणात सांगितले असते. पण माझी ओळ त्याला वाचताच आली नसती. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ठरवलेल्या पद्धतीने, रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहिलेला निकालच त्याला ओळखू येतो. तक्त्यातले आकडेही तो वाचत नाही. "टी (११८) = १.९२" हे त्याच्या लेखी निव्वळ मजकूर आहे. मराठीत लिहिलेल्या मानसशास्त्राच्या आणि शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांना हा राखणदार नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवले.

माझे बाबा कापूस विकायला जात तेव्हाची एक आठवण इथे सांगणे मला भाग आहे. भरलेली गाडी धर्मकाट्यावर चढायची, तिचे वजन व्हायचे. कापूस उतरवला की रिकाम्या गाडीचे वजन व्हायचे. दोहोंतली वजाबाकी म्हणजे आपला माल. पूर्वी काट्यावरचा माणूस ओरडून आकडा सांगायचा आणि पलीकडे बसलेला मुनीम तो चिठ्ठीवर लिहायचा. बाबांचा काट्यावर फारसा संशय नसे. त्यांचा सगळा संशय ओरडणे आणि लिहिणे यांच्या मधल्या चार हातांच्या अंतरावर असे, आणि म्हणून ते मुनिमाच्या खांद्यामागे उभे राहत. नंतर काट्यालाच यंत्र जोडले गेले आणि दोन्ही वजने व त्यांची वजाबाकी एकाच पावतीवर छापून येऊ लागली. बाबा तेव्हापासून खांद्यामागे उभे राहायचे थांबले. माझ्या निबंधात हिशेब करणारे सॉफ्टवेअर हा काटा होता आणि मुनीम मी होते.

मधला मुनीम काढून टाकण्याची सोय संख्याशास्त्रात बरीच जुनी आहे. आर ही संख्याशास्त्राची मोफत संगणकीय भाषा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवली आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००० साली आली. लेखाचा मजकूर आणि हिशेबाच्या सूचना एकाच फाईलमध्ये ठेवण्याची 'स्वीव्ह' ही व्यवस्था फ्रीड्रिश लाइश यांनी २००२ मध्ये मांडली, आणि यीहुई शिए यांच्या 'निटर'ने २०१२ पासून ती सामान्य संशोधकाच्या आवाक्यात आणली. मानसशास्त्राच्या ठरीव मांडणीत संपूर्ण लेख तयार करून देणारे 'पपाया' नावाचे पॅकेज फ्रेडरिक आउस्ट आणि मारिउस बार्थ यांनी केले आहे. या सर्वांमागचे तत्त्व एकच: वाक्यात आकडा लिहायचा नाही, आकड्याच्या जागी त्याचा पत्ता लिहायचा. "ताणाच्या चाचणीचे टी-मूल्य इथे ठेव" अशी खूण वाक्यात असते; फाईल चालवली की प्रोग्रॅम मूळ माहिती उघडतो, हिशेब करतो आणि प्रत्येक खुणेच्या जागी त्या क्षणाचा आकडा बसवतो. सहा प्रश्नावल्या वगळल्या की एकूण संख्या, स्वाधीनता मात्रा, टी, पी, तक्ता आणि आलेख हे सारे एकाच वेळी बदलतात. दोन वेगवेगळ्या दिवसांचे आकडे एका ओळीत येण्याची वाटच बंद होते.

हे सर्व इंग्रजीसाठी तयार मिळते. मला ते मराठीत हवे होते, कारण आमच्याकडचे बहुतेक विद्यार्थी प्रबंध मराठीत लिहितात. इथून पुढे गंमत सुरू झाली.

माझी प्रश्नावली होती डास-२१. सिडनी आणि पीटर लोव्हिबाँड यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या मापनश्रेणीचे हे छोटे रूप आहे. २१ विधाने, प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि सात-सात विधानांचे तीन भाग: नैराश्य, चिंता आणि ताण. तिन्ही भागांसाठी हिशेब सारखाच असल्यामुळे वाक्यही एकच पुरेल अशा समजुतीने मी साचा लिहिला: अमुक गटात अमुक अधिक होते. फाईल चालवली आणि पडद्यावर उमटले, "कोरडवाहू गटात नैराश्य अधिक होते. कोरडवाहू गटात चिंता अधिक होते. कोरडवाहू गटात ताण अधिक होते." तीन वाक्यांत एक बरोबर. ते नैराश्य, ती चिंता, तो ताण: लोव्हिबाँड यांनी जणू मराठीची परीक्षा घ्यायलाच तीन लिंगांच्या तीन संकल्पना निवडल्या होत्या. इंग्रजीत क्रियापदाला लिंगाशी देणेघेणे नसते, म्हणून तिथल्या साच्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही.

शब्दामागे लिंग नोंदवून क्रियापद बदलायचे हा एक उपाय होता, आणि मी तो दोन दिवस केलाही. पण लिंगापाठोपाठ सामान्यरूप आले. "ताणच्या गुणांत" चालत नाही, ताणाच्या लागते. "चिंताच्या" चालत नाही, चिंतेच्या लागते. नैराश्याचे नैराश्याच्या होते. स्वाभिमान, एकाकीपणा, परीक्षेची भीती अशा आणखी संकल्पना आल्या की प्रत्येकीचे रूप वेगळे. शेवटी मी एक छोटी कोष्टकवजा फाईल केली, तिच्या पहिल्या रकान्यात मूळ शब्द आणि दुसऱ्यात त्याचे सामान्यरूप. लिंगाचा रकाना मात्र काढून टाकता आला, आणि तो काढण्याची युक्ती मराठीनेच दिली. कर्ता बदलायचा. "चिंता अधिक होती" असे न म्हणता "चिंतेच्या मध्यमानांत सार्थ फरक आढळला" असे म्हटले की क्रियापद फरकाच्या ताब्यात जाते, आणि फरक हा शब्द पुल्लिंगीच राहतो, मग मोजायचे काहीही असो. सरकारी आणि शास्त्रीय मराठी अशी का लिहिली जाते, सगळी वाक्ये "फरक", "प्रमाण", "संख्या" यांच्याच पायांवर का उभी असतात, याचे एक कारण मला त्या दिवशी कळले. ती मराठी मला आवडत नाही. पण साचा एकच आणि शब्द बदलते असले की तीच तग धरते.

मराठीचा एक फायदाही झाला. आपले "नाही" वाक्याच्या शेवटी येते. "सार्थ फरक आढळला" आणि "सार्थ फरक आढळला नाही" यांत शेवटचा एक शब्दच कमीजास्त होतो, त्यामुळे प्रोग्रॅमला पी-मूल्य बघून फक्त शेपूट जोडायचे असते. असे वाटले आणि तसे केलेही, पण शून्याने पुन्हा अडवले. किती विद्यार्थ्यांनी प्रश्नावली अर्धवट सोडली हे सांगणाऱ्या वाक्यात एका गटासाठी उमटले, "० विद्यार्थ्यांनी प्रश्नावली अर्धवट सोडली." मराठी माणूस असे बोलत नाही. तो म्हणतो, एकाही विद्यार्थ्याने प्रश्नावली अर्धवट सोडली नाही. शून्य आले की कर्ता एकवचनी होतो आणि क्रियापद नकारात जाते. एक आला तर "एका विद्यार्थ्याने", दोन आले तर "दोन विद्यार्थ्यांनी". त्या एका वाक्यासाठी तीन फांद्या लिहाव्या लागल्या.

अंकांचे त्या मानाने लवकर आटोपले. इंग्रजी दहा अंकांच्या जागी देवनागरी दहा अंक ठेवणारी आज्ञा आरमध्ये एका ओळीची आहे. अट एवढीच, की ती सगळ्यात शेवटी, छापण्याच्या क्षणी चालवायची. आधी चालवली तर आर "१२" ला संख्या मानतच नाही, तो त्याला दोन अक्षरांचा मजकूर वाटतो. हे मला पुस्तकातून कळले नाही. माहिती भरणाऱ्या एका मुलीच्या मोबाईलवर मराठी कळफलक चालू राहिला आणि तिने काही गुण देवनागरी अंकांत भरले. आरने ते गुण "उपलब्ध नाही" असे धरले आणि मी सरासरी काढताना "जे उपलब्ध नाही ते सोडून दे" असे सांगून ठेवलेले असल्यामुळे त्याने ते मुकाट सोडून दिले. तक्त्यात काहीच खटकले नसते. सुदैवाने माझ्या साच्यात प्रत्येक वाक्याशेजारी विद्यार्थ्यांची संख्या छापली जात होती आणि नैराश्याच्या ओळीत ती ताणाच्या ओळीपेक्षा चारने कमी दिसली.

दशांशापूर्वीच्या शून्याबाबत मी अमेरिकन नियम मोडला आहे. जे मूल्य १ च्या पुढे जाऊच शकत नाही, त्याच्या दशांशचिन्हाआधी शून्य लिहू नये, असा तो नियम आहे, म्हणून त्यांच्याकडे पी-मूल्य नुसत्या टिंबापासून सुरू होते. आमच्याकडे प्रबंध झेरॉक्सवरून झेरॉक्स होत वाचला जातो आणि तिसऱ्या प्रतीत टिंब उडालेले असते. मी शून्य ठेवते. जिथे त्यांचे मानायलाच हवे ती जागा वेगळी आहे: जुन्या सॉफ्टवेअरच्या तक्त्यात पी-मूल्य ०.००० असे दिसते आणि आमचे विद्यार्थी ते तसेच उतरवतात. शक्यता कितीही लहान असली तरी ती शून्य नसते. ती तीन दशांशांत मावत नाही इतकेच. माझा साचा अशा वेळी "पी < ०.००१" लिहितो. शिवाय पूर्णांकन करण्याआधी तुलना करतो, नंतर नाही, कारण ०.०५०४ हे छापताना ०.०५० होते आणि मग रेघेच्या अलीकडचे की पलीकडचे ते वाचकाला कळत नाही.

यानंतरचा टप्पा डीटीपीच्या दुकानाचा. प्रबंध आमच्या तालुक्याच्या गावी अजूनही कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये बांधला जातो. रेमिंग्टन टंकयंत्राच्या मांडणीवर बेतलेल्या त्या फाँटमध्ये इंग्रजी पीची कळ दाबली की "च" उमटतो, टीची दाबली की "ज", आरची दाबली की "त", आणि पूर्णविरामाच्या कळीवर अर्धा "ण्" बसलेला आहे. मी तयार केलेली फाईल युनिकोडमध्ये होती. दुकानातल्या भाऊंनी सवयीने सगळा मजकूर निवडून त्याला कृतिदेव लावला. देवनागरी अक्षरे शाबूत राहिली, पण जिथे जिथे दशांशचिन्ह होते तिथे तिथे "१ण्९२" असे काहीतरी तयार झाले. भाऊंनी फोन केला, "मॅडम, हे टिंब हाय का अर्धा ण हाय, तेवढं सांगा, म्या करतो दुरुस्त." आणि त्यांनी खरोखर सगळ्या प्रबंधभर हाताने दुरुस्त्या केल्या. मी काढून टाकलेला मुनीम दुकानात परत येऊन बसला होता. अंतिम प्रत चाळताना एका तक्त्यात टी-मूल्य "१९२" दिसले. आता मी निष्कर्षांचे प्रकरण घरूनच पीडीएफ करून देते आणि दुकानात फक्त छपाई व बांधणी होते; भाऊंना ते फारसे रुचलेले नाही, कारण त्यांचे पानामागचे पैसे बुडतात, आणि त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही.

काट्याची उपमा पुढे नेली तर तिचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. पावती छापील झाली तरी गाडीत कापसाखाली काय आहे ते काटा सांगत नाही. आपोआप लिहिलेला निकाल हा त्याला दिलेल्या माहितीशी प्रामाणिक असतो, आणि ती माहिती अजूनही कागदावरच्या खुणांवरून बोटांनीच भरली जाते. त्यासाठी मी जुनाच उपाय वापरते: दोन विद्यार्थिनी त्याच प्रश्नावल्या एकमेकींचे न बघता भरतात आणि प्रोग्रॅम घर न् घर ताडून जुळत नसलेल्या जागांची यादी देतो. यादी कधीच कोरी आलेली नाही.

निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी मांडलेली 'ग्रिम' ही तपासणीही या टप्प्यावर फार उपयोगाची आहे, आणि तिला कागद-पेन्सिल पुरते. गुण पूर्णांकांत असतील तर त्यांची बेरीजही पूर्णांकच असते, म्हणून लहान गटात मध्यमानाला वाटेल तो दशांश घेता येत नाही. २३ विद्यार्थ्यांचे मध्यमान १२.४१ छापले असेल तर ते अशक्य आहे: बेरीज २८५ असेल तर १२.३९ येते, २८६ असेल तर १२.४३, आणि मध्ये काही नाही. डास-२१ मध्ये ही चाळणी आणखी बारीक होते. मोठ्या श्रेणीशी तुलना करता यावी म्हणून प्रत्येकाचे गुण दुप्पट करायचे असतात, म्हणून प्रत्येकाची अंतिम संख्या सम असते आणि गटाची बेरीजही समच हवी. त्यामुळे १२.३९ सुद्धा बाद होते, कारण २८५ विषम आहे. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात नेमके असे मध्यमान दिसले तेव्हा मी त्याला मूळ वही आणायला लावली. एका मुलाचे गुण दुप्पट करायचे राहून गेले होते. हिशेब आपोआप होत असता तर हे राहिले नसते. पण आपोआप झालेल्या हिशेबात दुप्पट करण्याची ओळच दोनदा लिहिली गेली, तर सगळ्यांचेच गुण चौपट होतील, बेरीज समच राहील आणि ही चाळणी काही पकडणार नाही. म्हणून साचा कोणताही गुण ४२ च्या वर गेला की थांबतो, कारण एका भागाचे कमाल गुण तेवढेच आहेत.

खरी भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. हाताने एक वाक्य लिहायला पाच मिनिटे लागत होती तेव्हा विद्यार्थी विचार करून तीन चाचण्या करत असे. आता साच्यात शेतीचा प्रकार, लिंग, जात-प्रवर्ग, वसतिगृह, आईचे शिक्षण आणि गावापासूनचे अंतर असे सहा गट टाकले की नैराश्य, चिंता आणि ताण यांची मिळून अठरा वाक्ये डोळ्यांदेखत उतरतात. कुठेही काहीही फरक नसताना, आणि चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर, १८ पैकी किमान एक तरी "सार्थ" निघण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. मागच्या वर्षी एक विद्यार्थी असाच एक सार्थ निकाल घेऊन आला आणि त्याने त्यावर चार पानांची चर्चाही लिहिली होती, की गाव दूर असले की चिंता का वाढते. उरलेली सतरा वाक्ये त्याने गाळली होती. आता साच्यात गाळायची सोय नाही. जितक्या चाचण्या चालवल्या त्यांची संख्या प्रकरणाच्या पहिल्याच परिच्छेदात आपोआप येते. विद्यार्थ्यांना ते वाक्य आवडत नाही, आणि ते काढून टाकता येईल का, असे दरवर्षी कोणीतरी विचारतेच.

साच्याची भाषा ही देखील जबाबदारी आहे, कारण साच्यातली चूक एका प्रबंधात राहत नाही. आमच्याकडच्या प्रबंधांत पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य उतरत आले आहे: "प्राप्त टी-मूल्य तक्त्यातील मूल्यापेक्षा कमी असल्यामुळे शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येतो." शून्य परिकल्पना म्हणजे दोन गटांत फरक नाहीच हे गृहीतक. पण फरक दिसला नाही म्हणून फरक नाहीच असे सिद्ध होत नाही, परिकल्पनेचा त्याग करण्याइतका पुरावा मिळाला नाही, इतकेच म्हणता येते. संगणक नसतानाही ते वाक्य आपोआपच लिहिले जात होते, फक्त यंत्राच्या जागी आधीच्या वर्षीचा प्रबंध होता. माझ्या साच्यात मी ते बदलले आणि शेजारी परिणामाचा आकार (फरक किती मोठा) व विश्वास-अंतरही (तो फरक कोणत्या मर्यादांत असू शकतो) जोडले. एका मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी "स्वीकार" हा शब्द का नाही, असे विचारले. विद्यार्थ्याला उत्तर देता आले नाही, कारण ते वाक्य त्याने लिहिलेच नव्हते. तेव्हापासून मी साचा देण्याआधी प्रत्येकाला एक निकाल संपूर्ण हाताने लिहायला लावते. टी-मूल्य गणकयंत्रावर, पी-मूल्य पुस्तकाच्या मागच्या तक्त्यावरून अंदाजाने, आणि वाक्य स्वतःच्या मराठीत.

त्या सरावात आरची टी-चाचणी आणि वहीतली टी-चाचणी बऱ्याचदा जुळत नाहीत आणि वर्गात गोंधळ उडतो. आर वेगळे सांगितले नाही तर वेल्चची पद्धत वापरते, जी दोन्ही गटांचे विचलन सारखे आहे असे गृहीत धरत नाही, आणि तिची स्वाधीनता मात्रा १०७.४ अशी अपूर्णांकात येऊ शकते. कंसात अपूर्णांक बघून मुले तो खोडून पूर्णांक करायला जातात. ते करू नये. पण ती मात्रा दोन्ही गटांच्या बेरजेतून २ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येच्या वर कधीच जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

वर्गात ११८ चा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीचा स्वतःचा प्रबंध यंदा पूर्ण झाला. शेवटच्या आठवड्यात तिला एक प्रश्नावली वगळावी लागली, तिने फाईल पुन्हा चालवली आणि प्रकरणातले सगळे आकडे बदललेले कागद माझ्यासमोर ठेवले. मी प्रत्येक कंसाशेजारी, समासात, पेन्सिलीने एकूण संख्या लिहून त्यातून २ वजा केले. ती समोर बसून शेवटच्या पानापर्यंत वाट बघत होती.